स्तरित ऑक्साइडांतील प्रभार-क्रम: संक्रमणाच्या वेळी नेमके काय क्रमबद्ध होते?

जालकमित्र

लँथॅनम आणि स्ट्रॉन्शियम यांच्या एकस्तरीय मँगनाइटाचा (मँगनीजच्या ऑक्साइडाचा) अभ्यास करताना मला एक प्रश्न सतावतो आहे. या संयुगात एका मँगनीज अणूमागे ०.५ लँथॅनम, १.५ स्ट्रॉन्शियम आणि ४ ऑक्सिजन असतात, त्यामुळे मँगनीजची सरासरी संयुजा ३.५ येते. खोलीच्या तापमानाला सर्व मँगनीज अणू समतुल्य असतात. सुमारे २२० केल्विनच्या खाली मात्र दोन प्रकारच्या जागा एकाआड एक मांडल्या जातात आणि विवर्तनात नवी शिखरे दिसू लागतात. त्याहून बरेच खाली, ११० केल्विनच्या आसपास, इलेक्ट्रॉनांच्या फिरकींचा (स्पिनांचा) प्रतिलोहचुंबकी क्रम येतो, म्हणजे त्या एकमेकींना रद्द करतील अशा मांडल्या जातात. पुस्तके पहिल्या संक्रमणाला चार्ज ऑर्डरिंग, म्हणजे प्रभार-क्रम, म्हणतात आणि त्या दोन जागांना ३+ आणि ४+ अशी लेबले लावतात.

या नावाविषयीच मला शंका आहे. विवर्तनात जे दिसते ते अणूंचे विस्थापन असते, शिवाय त्याच तापमानाला इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांचाही (ऑर्बिटलांचाही) क्रम लागतो. मग प्रभार क्रमबद्ध झाला, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? जालक, म्हणजे अणूंची मांडणी, आधी बदलते आणि प्रभार त्यामागून जातो, असे म्हटले तर काय बिघडते? आणि अशी उदाहरणे स्तरित ऑक्साइडांतच इतक्या मोठ्या संख्येने का सापडतात? या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या सदस्यांची मते वाचायला आवडतील.

प्रकीर्णक

चांगला धागा आहे. सुरुवात थोडी मागून करतो, कारण हा वाद आजचा नाही.

फर्वे यांनी १९३९ साली मॅग्नेटाइटातील संक्रमणाचे स्पष्टीकरण दिले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यासोबत आहे. मॅग्नेटाइट स्तरित नाही, पण कल्पना तिथूनच आली. अष्टफलकी जागांवरील लोहाची सरासरी संयुजा २.५ असते आणि सुमारे १२० केल्विनच्या खाली २+ आणि ३+ अणू ठरावीक जागा धरून बसतात, म्हणून वाहकता एकदम शंभरेक पटींनी घटते, असे त्यांचे चित्र होते. चित्र सुंदर होते, परंतु त्यांनी सुचवलेली मांडणी पुढे टिकली नाही. २००१ मध्ये राइट, ॲटफील्ड आणि राडाएली यांनी विवर्तनावरून जो प्रभारफरक काढला, तो साधारण २.४ आणि २.६ एवढाच होता. २०१२ मध्ये सेन, राइट आणि ॲटफील्ड यांनी संपूर्ण संरचना सोडवली, तेव्हा तीन लोहअणूंवर रेषेत पसरलेले गट दिसले, ज्यांना त्यांनी ट्रायमेरॉन म्हटले. म्हणजे मूळ कल्पनेला ७० वर्षांनंतर उत्तर मिळाले आणि ते "हा अणू २+, तो अणू ३+" या विधानापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे निघाले.

तुमच्या मँगनाइटाकडे वळू. मुराकामी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्याच संयुगावर मँगनीजच्या के-कडेला, म्हणजे त्याचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन क्ष-किरण शोषू लागतात त्या ऊर्जेला, अनुनादी क्ष-किरण प्रकीर्णन केले. क्ष-किरणांची ऊर्जा शोषणकडेजवळ आणली की दोन जागांच्या इलेक्ट्रॉनी स्थितीतील सूक्ष्म फरकही तीव्रतेत उमटतो. त्या प्रयोगात प्रभार आणि कक्षक या दोन्हींच्या क्रमाची शिखरे वेगवेगळ्या स्थानी मिळाली. तेव्हा "विवर्तनात फक्त विस्थापन दिसते" हे विधान साध्या विवर्तनापुरते बरोबर आहे, अनुनादी प्रकीर्णनाला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

गणनामग्न

प्रकीर्णक यांच्या शेवटच्या वाक्याला मी हरकत घेतो.

के-कडेला इलेक्ट्रॉन १एस पातळीतून ४पी पातळीत जातो. ज्या ३डी कक्षकांचा क्रम आपल्याला पाहायचा आहे, त्यांना तो थेट स्पर्शही करत नाही. एल्फिमोव्ह, अनिसिमोव्ह आणि सॉवॅट्झकी यांनी १९९९ मध्येच दाखवले की मँगनाइटांमध्ये ४पी पातळ्यांवर सर्वांत मोठा परिणाम आजूबाजूच्या ऑक्सिजन अणूंच्या विस्थापनाचा, म्हणजे यान-टेलर विकृतीचा होतो. के-कडेचा कक्षकी संकेत म्हणजे मोठ्या प्रमाणात जालकाचीच सावली आहे. जालकमित्र यांची शंका त्यामुळे अधिकच रास्त ठरते.

आता पूर्णांकी प्रभाराविषयी. संक्रमणी धातूच्या अणूभोवती एक गोल कल्पून त्यातील एकूण इलेक्ट्रॉन मोजले, तर संयुजा एका एककाने बदलली तरी ही संख्या फारच थोडी बदलते. रेबिगर, लानी आणि झुंगर यांनी २००८ मध्ये हे पद्धतशीरपणे मांडले. धातूने ३डी कक्षकातील इलेक्ट्रॉन गमावला की ऑक्सिजनशी असलेले सहसंयुजी बंध बळावतात आणि हरवलेल्या प्रभाराचा मोठा भाग परत भरून निघतो. म्हणून "३+" आणि "४+" ही नावे बंधांची लांबी, चुंबकी आघूर्ण आणि कक्षकांची सममिती यांचा एकत्रित निर्देश करणारी लेबले म्हणून वापरावीत. ती मोजलेल्या प्रभाराची मूल्ये नव्हेत.

वाचक_११

मग प्रभार-क्रम हे नावच टाकून द्यावे का?

गणनामग्न

नाही. ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे क्रम किती आहे हे मोजणारी राशी, शून्याहून वेगळा आहे की नाही, हे सममिती ठरवते. त्याचे मूल्य ०.१ आहे की १, हे नंतरचे. दोन जागा असमतुल्य झाल्या की त्यांच्यावरील प्रभार काटेकोरपणे समान राहण्याचे कोणतेही कारण उरत नाही, मग तो फरक कितीही लहान असो. वाद आहे तो मुख्य प्रेरणा कोणती यावर.

शीतकक्ष

मुख्य प्रेरणेविषयी प्रयोग काय सांगतात, ते लिहितो. माझे काम रोधकता आणि विशिष्ट उष्मा मोजण्याचे आहे, त्यामुळे माझा कल त्या बाजूला आहे हे आधीच सांगतो.

जालकाच्या बाजूने सर्वांत ठोस पुरावा ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा आहे. बाबुश्किना आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लँथॅनम, प्रासिओडिमियम आणि कॅल्शियम असलेल्या एका मँगनाइटात ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८ घातला आणि थंड केल्यावर धातूसारखा वागणारा नमुना विसंवाहक झाला. इलेक्ट्रॉनांची संख्या तीच, रासायनिक संघटन तेच, फक्त अणूंचे वस्तुमान बदलले. इलेक्ट्रॉन आणि जालक यांची गाठ किती घट्ट आहे, हे दाखवणारा याहून थेट प्रयोग मला माहीत नाही. हे संयुग त्रिमितीय आहे, स्तरित नाही, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवावी.

दुसऱ्या बाजूचा पुरावा चुंबकी क्षेत्राचा आहे. निओडिमियम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटात प्रत्येकी ०.५ वाटा असेल तर सुमारे १५८ केल्विनला प्रभार-क्रम येतो आणि बाहेरून पुरेसे चुंबकी क्षेत्र लावले की तो वितळून नमुना लोहचुंबकी धातू होतो. कुवाहारा आणि सहकाऱ्यांनी हे १९९५ मध्ये दाखवले. क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना संक्रमण वेगवेगळ्या मूल्यांना होते, म्हणजे ठळक हिस्टेरिसिस दिसते आणि तापमान उतरत जाते तशी ती अधिकच रुंदावते. प्रथम कोटीच्या संक्रमणाची ही स्पष्ट खूण आहे. चुंबकी क्षेत्र थेट फिरकींवर काम करते. फिरकी एका दिशेला वळल्या की इलेक्ट्रॉनांना एका अणूवरून दुसऱ्यावर जाणे सोपे होते आणि जालकाची विकृती त्यामागून ओसरते. येथे जालक अनुयायी आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. हिस्टेरिसिस मोजताना थंड करण्याचा आणि तापवण्याचा वेग नोंदवल्याशिवाय संक्रमणाचे तापमान सांगू नये. प्रभार-क्रमबद्ध आणि धातू या दोन्ही प्रावस्था (फेज) शेजारी शेजारी नांदत असतात आणि वेग बदलला की त्यांचे प्रमाणही बदलते. कित्येक लेखांत हा वेग दिलेलाच नसतो आणि मग वेगवेगळ्या गटांच्या आकड्यांची तुलना करणे अशक्य होते.

जालकमित्र

दोन्ही बाजूंचे पुरावे एकत्र वाचून प्रश्नाची मांडणी स्पष्ट झाली. काळाच्या दृष्टीने कोण आधी हलते, हे थेट पाहता येत नाही का?

प्रकीर्णक

पाहता येते आणि पाहिले गेले आहे. लेसरच्या अतिलघु स्पंदाने प्रभार-क्रम मोडायचा आणि त्यानंतर फेम्टोसेकंदांच्या क्ष-किरण स्पंदांनी शिखरांची तीव्रता टिपायची, अशी ती पद्धत आहे. बो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रासिओडिमियम-कॅल्शियम मँगनाइटावर हे केले. इलेक्ट्रॉनी क्रम जवळजवळ तत्क्षणी कोसळतो आणि अणू त्यांच्या कंपनांच्या वेगाने नव्या जागी सरकतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांनी सर्व शिखरांचे वर्तन काळानुसार बदलणाऱ्या एकाच ऑर्डर पॅरामीटरने समजावले.

मात्र येथे सावध राहावे लागेल. लेसर आधी इलेक्ट्रॉनांनाच ऊर्जा देतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन आधी हलले यात नवल नाही. उष्णतेने हळूहळू होणाऱ्या संक्रमणात पुढाकार कोणाचा, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मंदगती

स्तरित संयुगांत हे का जास्त दिसते, या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळलेले नाही, म्हणून मी लिहितो.

रडल्सडेन-पॉपर या स्तरित ऑक्साइडांच्या मालिकेत पेरोव्स्काइट नावाच्या संरचनेच्या चादरींमध्ये मिठासारख्या संरचनेचे थर असतात. एक चादर, दोन चादरी, तीन चादरी, असे करत शेवटी पूर्ण त्रिमितीय पेरोव्स्काइट मिळतो. मँगनीजची संयुजा ३.५ वर स्थिर ठेवून लँथॅनम आणि स्ट्रॉन्शियमच्याच संयुगांत ही मालिका चढत गेलो, तर फार बोलके चित्र दिसते. त्रिमितीय संयुग लोहचुंबकी धातू आहे. एकस्तरीय संयुग २२० केल्विनच्या खाली प्रभार-क्रमबद्ध विसंवाहक आहे. द्विस्तरीय संयुगात प्रभार-क्रम सुमारे २१० केल्विनला येतो, पण १०० केल्विनच्या आसपास दुसऱ्या प्रकारचा प्रतिलोहचुंबकी क्रम त्याला बाजूला सारतो, असे सुरुवातीच्या प्रयोगांत दिसले. पुढे अधिक काळजीपूर्वक बनवलेल्या स्फटिकांत असे आढळले की संघटन अगदी नेमके अर्ध्यावर असेल तर प्रभार-क्रम कमी तापमानालाही परततो. म्हणजे तेथे दोन प्रावस्था ऊर्जेच्या दृष्टीने जवळजवळ समसमान आहेत.

याचे कारण इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत आहे. मधल्या थरांमुळे उभ्या दिशेने उडी मारणे कठीण होते, ऊर्जापट्टा अरुंद होतो, गतिज ऊर्जेतून होणारा फायदा घटतो आणि परस्परांपासून दूर राहण्याची व जालकाला वाकवून स्थिरावण्याची प्रवृत्ती वरचढ ठरते. स्तर म्हणजे एका अर्थी ही स्पर्धा नियंत्रित करण्याचा रासायनिक मार्ग आहे.

याला एक विरोधी बाजूही आहे. मिती कमी झाली की दीर्घपल्ल्याचा क्रम टिकणे अवघड होते. इम्री आणि मा यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार यादृच्छिक, म्हणजे जागोजागी स्वैर बदलणारे, क्षेत्र असेल, तर द्विमितीत ते कितीही क्षीण असले तरी क्रमाचे तुकडे पडतात. लँथॅनम आणि स्ट्रॉन्शियमचे अणू जालकात वाटेल तसे विखुरलेले असतात, म्हणजे असे क्षेत्र तेथे उपजतच आहे. म्हणून एकाच थरात क्रम सहज जन्म घेतो, पण दूरवर पसरायला त्याला शेजारच्या थरांची मदत लागते. स्तरित संयुगांत प्रभार-क्रमाची शिखरे अनेकदा रुंद का असतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

विद्युतघट

अणूंच्या विखुरण्याचा मुद्दा आला म्हणून सोडियम कोबाल्टाइटाचे उदाहरण देतो. येथे कोबाल्ट-ऑक्सिजनच्या थरांमध्ये सोडियम असतो आणि तो विद्युत-रासायनिक पद्धतीने हवा तेवढा काढता येतो. सोडियम नेमका अर्धा उरला की त्याचे आयन विखुरलेले न राहता स्वतःच सुबक ओळींत बसतात आणि संयुग सुमारे ५३ केल्विनच्या खाली विसंवाहक होते. अर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे ते धातूच राहते. फू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा प्रावस्था-आलेख प्रसिद्ध केला. कोबाल्टचा प्रभार-क्रम सोडियमच्या ओळींनी घडवून आणला की दोघे मिळून स्थिरावले, यावर बरेच लिहिले गेले आहे.

आम्हा घटांवर काम करणाऱ्यांना याचे व्यावहारिक मोल आहे. आयन एका ठरावीक प्रमाणाला सुसंघटित झाले की विद्युतदाबाच्या वक्रात पायरी दिसते आणि आयनांची हालचाल मंदावते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडातही लिथियम अर्ध्यावर आला की त्याची मांडणी क्रमबद्ध होऊन षट्कोनी संरचना एकनताक्ष होते.

गणनामग्न

विद्युतघट यांचे उदाहरण उत्तम आहे, परंतु ते मूळ प्रश्नात वेगळ्या गटात ठेवावे. सोडियमच्या ओळींनी एक बाह्य आवर्ती विभव तयार केले आणि कोबाल्टच्या इलेक्ट्रॉनांनी त्याला प्रतिसाद दिला, तर सममिती आपोआप मोडलेली नसून बाहेरून लादलेली आहे. अशा वेळी कोबाल्टचे वेगळे संक्रमण शोधत बसण्यात फारसा अर्थ राहत नाही. एकस्तरीय मँगनाइटात लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्रमबद्ध नसतात, तरीही मँगनीजच्या जागा एकाआड एक वेगळ्या होतात. ते खरे उत्स्फूर्त संक्रमण आहे.

वाचक_११

ल्युटेटियम फेराइटाबद्दल कोणी लिहील का? प्रभार-क्रमातून फेरोइलेक्ट्रिकता (विद्युतक्षेत्राने उलटवता येणारे उत्स्फूर्त ध्रुवीकरण) मिळते असे मी वाचले होते.

शीतकक्ष

वाचले असेल, कारण २००५ मध्ये इकेदा आणि सहकाऱ्यांनी तसा दावा केला आणि तो फार गाजला. ल्युटेटियम फेराइटात लोहाचे त्रिकोणी जालक दोन-दोन थरांच्या जोड्यांत असते आणि सरासरी संयुजा २.५ असते. सुमारे ३२० केल्विनच्या खाली प्रभार-क्रम येतो. जोडीतील एका थरात २+ अधिक आणि दुसऱ्यात ३+ अधिक असेल, तर प्रत्येक जोडी विद्युत-द्विध्रुव बनेल, अशी ती कल्पना होती. आयनांच्या विस्थापनाऐवजी निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून ध्रुवीकरण मिळाले असते, म्हणून उत्साह मोठा होता.

२०१२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. डी ग्रूट आणि सहकाऱ्यांनी चांगल्या स्फटिकांची संरचना सोडवली. तीत जोडीच्या आत ध्रुवीयता दिसली नाही. एक संपूर्ण जोडी धन आणि शेजारची ऋण, अशी मांडणी मिळाली. त्याच वर्षी नीरमान आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मोजलेला प्रचंड परावैद्युत स्थिरांक विद्युतजोडणीच्या ठिकाणी निर्माण होणाऱ्या परिणामातून येऊ शकतो. काही प्रमाणात वाहक असलेल्या कोणत्याही ऑक्साइडाचा परावैद्युत स्थिरांक मोजणाऱ्याने हा लेख आधी वाचावा, असे मी कळकळीने सांगेन. जोडणीचा धातू आणि नमुन्याची जाडी बदलून तोच आकडा येतो का, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

मंदगती

क्युप्रेटांविना, म्हणजे तांब्याच्या स्तरित ऑक्साइडांविना, हा धागा अपुरा राहील.

झानन आणि गुनार्सन यांनी १९८९ मध्ये गणिताने असे भाकीत केले की प्रतिलोहचुंबकी विसंवाहकात घातलेली विवरे (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) एकसारखी न पसरता पट्ट्यांत गोळा होतील. १९९५ मध्ये ट्रान्क्वाडा आणि सहकाऱ्यांनी निओडिमियम मिसळलेल्या लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटात, तांब्याच्या एका अणूमागे ०.१२ विवरे असताना, न्यूट्रॉन प्रकीर्णनाने अशा स्थिर पट्ट्या दाखवल्या. न्यूट्रॉनाला प्रभार दिसत नाही, अणुकेंद्रे आणि फिरकी दिसतात. म्हणून प्रभाराच्या पट्ट्या तेथेही अणूंच्या विस्थापनावरूनच ओळखल्या गेल्या. जालकमित्र यांचा मूळ आक्षेप त्या प्रसिद्ध शोधालाही लागू पडतो. फरक इतकाच की फिरकींच्या क्रमाची आवर्तनलांबी प्रभारक्रमाच्या बरोबर दुप्पट निघाली. केवळ जालकाच्या विकृतीने हे नाते सहज समजत नाही, पट्ट्यांच्या चित्रातून मात्र ते आपोआप निघते.

बेरियम घातलेल्या त्याच कुळातील क्युप्रेटात विवरांचे प्रमाण १/८ असताना तर थरांचे महत्त्व डोळ्यांसमोर उभे राहते. सुमारे ५४ केल्विनला प्रभारपट्ट्या येतात, ४० केल्विनच्या जवळ फिरकींचा क्रम येतो आणि त्याच सुमारास थरांच्या प्रतलातील रोधकता झपाट्याने कोसळते. तरीही संपूर्ण स्फटिकाची अतिसंवाहकता ४ केल्विनच्या आसपासच मिळते. एकावर एक असलेल्या थरांतील पट्ट्या एकमेकींशी काटकोनात असतात आणि त्यामुळे थरांमधील अतिसंवाहक दुवा रद्द होतो, हे २००७ मध्ये सुचवलेले स्पष्टीकरण मला आजही सर्वांत पटते.

जालकमित्र

फिरकी आणि प्रभार यांच्या आवर्तनलांब्यांचा मुद्दा माझ्या प्रश्नाला थेट भिडतो. म्हणजे जेथे दोन वेगळ्या क्रमांत असे ठरावीक नाते सापडते, तेथे इलेक्ट्रॉनी प्रेरणा मानायला बळकट आधार आहे, असे धरतो. एकस्तरीय मँगनाइटात फिरकींचा क्रम ११० केल्विनला, म्हणजे प्रभारक्रमाच्या निम्म्या तापमानाला येतो, तेव्हा २२० केल्विनच्या संक्रमणात फिरकींना मुख्य प्रेरणा म्हणता येणार नाही. तेथे कक्षक आणि जालक यांची जोडी उरते आणि ती वेगळी करणे मला तरी निरर्थक वाटू लागले आहे.

एक शेवटचा प्रश्न. २०२३ मध्ये द्विस्तरीय लँथॅनम निकेलाइटात १४ गिगापास्कलच्या वर ८० केल्विनजवळ अतिसंवाहकता सापडली. वातावरणीय दाबाला त्यात सुमारे १५० केल्विनला घनता-तरंगाचे संक्रमण होते, म्हणजे प्रभाराची किंवा फिरकींची घनता लाटेसारखी कमी-जास्त होऊ लागते. दाबाखाली हा तरंग प्रभाराचा आहे की फिरकींचा, हे अनुनादी प्रकीर्णनाने का ठरवत नाहीत?

प्रकीर्णक

निकेलच्या ३डी पातळ्यांना थेट स्पर्श करणारी एल-कड सुमारे ८५० इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे. इतके मृदू क्ष-किरण दाब देणाऱ्या हिऱ्यांतच शोषले जातात आणि नमुन्यापर्यंत पोहोचत नाहीत. के-कड ८.३ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे, ते किरण काही प्रमाणात आत जातात, पण तेथे गणनामग्न यांनी वर सांगितलेली ४पी पातळ्यांची अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून उच्च दाबाखाली सध्या अणुचुंबकी अनुस्पंदन, म्युऑन आणि रोधकता यांच्यावरच अधिक भिस्त ठेवावी लागते.